कामावरचा कपडा घेताना

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. कामावरचा कपडा कुणी विकत घेतं का? लग्नाची साडी विकत घेतात, दिवाळीची घेतात, पोरांचा गणवेश घेतात. कामावरचा कपडा घरातच तयार होतो. साडीचा रंग विटला की ती शेतात जाते. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर फाटली की तो शर्ट आपल्या अंगावर येतो. डोक्याला एक टॉवेल बांधला की झाला आपला पोशाख.

आता जरा हिशोब करा. भारीतली साडी वर्षातून किती दिवस अंगावर असते? दहा दिवस, फार तर पंधरा, तेही चार-सहा तास. आणि खुरपायला, ऊस तोडायला, कापूस वेचायला, कांदा लावायला जाताना जो कपडा घालतो, तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, वर्षातले दीडशे-दोनशे दिवस अंगावर असतो. ऊन, घाम, चिखल, पाचट सगळं तोच झेलतो. घरात कपड्याला पैसे निघतात तेव्हा मात्र त्याचा नंबर शेवटी, आणि बहुतेक वेळा तो लागतच नाही.

जुन्या कपड्याला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जुना सुती कपडा कामाला उत्तम. आपल्या आज्या जुनं लुगडं शेतात नेसायच्या ते बरोबरच होतं. लुगडं सुताचं होतं. दोन वर्षं धुऊन धुऊन मऊ व्हायचं, घाम टिपायचं, काष्टा घातला की पाय मोकळे. सवय तीच राहिली, कापड मात्र बदललं. आज जी साडी जुनी होऊन शेतात जाते ती पॉलिस्टरची असते. पॉलिस्टर जुनं झालं तरी मऊ होत नाही, घाम पीत नाही. घाम अंगावरच राहतो, काखेत, मांडीत, कमरेला अंग ओलं राहतं आणि नायटा उठतो. मग मलमाच्या ट्यूबवर ट्यूब आणायची. ट्यूबचे पैसे कपड्याच्या खर्चात कुणी धरत नाही, पण ते तिथलेच आहेत.

ही पॉलिस्टरची साडी येते कुठून? निम्म्या साड्या मानपानातून येतात. लग्नात, डोहाळजेवणात, वास्तुशांतीला दिलेल्या. देणाऱ्याने ती नेसायला घेतलेली नसते, द्यायला घेतलेली असते. घेणारीही ती नेसत नाही, पुढच्या लग्नात पुढे सरकवते. फिरत फिरत जिच्याकडे ती थांबते ती शेतात नेते. म्हणजे आपण दिवसभर उन्हात काय घालून राबायचं, हे कुणाच्या तरी मानपानाच्या यादीवर ठरतं. एखाद्या गटाने ठरवलं की आपण आहेरात साडीऐवजी चांगलं सुती शर्टाचं कापड किंवा दोन जाड टॉवेल द्यायचे, तर पैसे तेवढेच जातील आणि वस्तू वापरात येईल. पुरुषांना टॉवेल-टोपी चालते, मग बायकांना टॉवेल का चालू नये?

पॉलिस्टरची आणखी एक गोष्ट. चुलीजवळ, गुऱ्हाळावर, हळद शिजवताना किंवा पाचट पेटवताना ठिणगी उडाली तर सुती कपडा जळतो, पण पॉलिस्टर जळता जळता वितळतं आणि कातडीला चिकटतं. ती जखम खोल जाते. विस्तवाजवळचं काम असेल तर पॉलिस्टर नकोच, तिथे पैशाचा हिशोब करू नका.

तरी सगळीकडे सुतीच घाला असंही आम्ही म्हणणार नाही. कोकणात भातलावणीला चार-चार तास पावसात वाकून उभं राहायचं असतं. तिथे जाड सुती कपडा पाणी पिऊन जड होतो आणि दोन दिवस वाळत नाही. तिथे टेरिकॉट, म्हणजे सूत आणि पॉलिस्टर एकत्र विणलेलं कापड, बरं पडतं. उन्हाळ्यात आणि सुगीला सुती, पावसाळ्यात मिसळीचं, एवढं साधं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता पैशाचं बोलू. कपडा स्वस्त की महाग हे दुकानात कळत नाही, वापरून कळतं. समजा, आठवडी बाजारातल्या ढिगातून तुम्ही १५० रुपयांचा शर्ट घेतला. साठ दिवस घातला आणि तो काखेत उसवला, पाठीवर विरला. म्हणजे दिवसाला अडीच रुपये पडले. दुसरीने चांगलं कापड घेऊन शिवून घेतला, तिला ३६० रुपये पडले. तो दोनशे चाळीस दिवस चालला. तिला दिवसाला दीड रुपया पडला. वरून तिच्या अंगाला सुख. म्हणून कपडा घेताना दोन गोष्टी मनात धरा: किती रुपये आणि किती दिवस. दिवस किती हे आधी कसं कळणार, असं विचाराल. तेच आज सविस्तर सांगायचं आहे.

पण उलटंही खरं आहे. महाग असला म्हणजे टिकेलच असं नाही. छातीवर छापलेल्या नावाचे, जरीच्या बुट्टीचे, चकचकीत पिशवीचे पैसे आपण देतो, त्याने कपडा एक दिवसही जास्त चालत नाही. पैसे द्यायचे ते सुताला आणि शिलाईला.

कापड हातात घेतलं की आधी ते उजेडासमोर धरा. वीण दाट असेल तर उजेड बारीक आणि सारखा दिसतो. विरळ असेल तर जाळीसारखी भोकं दिसतात, कुठे दाट कुठे विरळ. मग एक कोपरा दोन्ही हातांत घेऊन कपडे चोळतो तसा खसाखसा चोळा. पांढरी भुकटी झडली तर ती खळ आहे. विरळ कापडाला भरपूर खळ लावली की ते दुकानात जाडजूड, कडक लागतं, आणि पहिल्या धुण्यात त्याचं मच्छरदाणीसारखं होतं. चोळल्यावर जो पोत हाताला लागतो तो खरा.

रंगासाठी एक पांढरा रुमाल ओला करून बरोबर न्या. कापडाच्या उलट्या बाजूला दहा वेळा घासा. रुमालाला थोडासा रंग लागला तर चालेल, गडद रंगाचं थोडं जातंच. पण रुमाल रंगून निघाला तर ते कापड घामानेही अंगावर रंग सोडणार. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या.

दुकानात "प्युअर कॉटन आहे ताई" असं सांगतात ते खरं की खोटं, याची परीक्षा जुनी आहे. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे ओढून घ्या, उभेही आणि आडवेही, कारण काही कापडात उभा धागा सुताचा असतो आणि आडवा पॉलिस्टरचा. धागे चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवा. हे दुकानात करू नका, बाहेर मोकळ्यावर किंवा घरी येऊन करा, आणि लहान मुलं जवळ नकोत. सुताचा धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो, मागे राखाडी मऊ राख राहते. पॉलिस्टर ज्योतीपासून आखडतं, वितळतं, आणि त्याचा काळा टणक मणी होतो. गरम मण्याला हात लावू नका. राखेत खडे लागले तर कापड मिसळीचं.

यात एक फसगत आहे. रेयॉन नावाचं कापड असतं, मऊ, झुळझुळीत, हल्ली गाऊन आणि कुर्ते त्याचे येतात. ते सुतासारखंच जळतं, वासही तोच. ते ओळखायला धागा ओला करून ओढून बघा. सुताचा धागा ओला झाला की जास्त बळकट होतो. रेयॉनचा धागा ओला झाला की पटकन तुटतो. घरात नेसायला, घालायला रेयॉन छान. पण घामाने भिजून वाकायचं, ओढायचं, रोज आपटून धुवायचं, त्या कामाला ते टिकत नाही.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या. न भिजवता शिवलेला शर्ट महिन्यात काखेला घट्ट होतो, आणि घट्ट झालेला कपडा जोर लावला की उसवतोच. आटण्यासाठी म्हणून मीटरमागे चार-पाच बोटं कापड जास्त धरावं.

कोणत्या कामाला कोणतं कापड? खुरपणी, कांदा लावणी, भाजी तोडणी यांना मध्यम जाडीचं पॉपलीन चालतं. ऊसतोडीला, कापूस वेचणीला, गाजरगवत उपटायला हाताला धार, बोंडाची टोकं आणि कुसळं लागतात, तिथे बाहीपुरतं तरी जाड, तिरप्या विणीचं कापड हवं. गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी तर मनगटापर्यंत बाही आणि गळ्यापर्यंत बटण ठेवलंच पाहिजे. कमरेच्या झोळीला आणि ॲप्रनला मांजरपाट घ्या. मांजरपाट दिसायला काही खास नाही, पण त्याच्याइतकं दणकट आणि स्वस्त कापड दुसरं मिळणं अवघड. रंगाचं म्हणाल तर फिका निळा, राखाडी, मातकट असा घ्या. काळा उन्हात तापतो. आणि भडक पिवळा शेतात नको. मावा, पांढरी माशी पकडायला आपण पिवळे चिकट सापळे लावतो ना? त्या किड्यांना पिवळा रंग ओढून घेतो, तो फळ्याचा आहे की तुमच्या शर्टाचा हे त्यांना कळत नाही.

भाव विचारताना पन्हा विचारायला विसरू नका. यात भल्याभल्या फसतात. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. समजा, ३६ इंच पन्ह्याचं कापड ८० रुपये मीटर आहे आणि तसंच ५८ इंच पन्ह्याचं १२० रुपये मीटर. ऐकायला ८० स्वस्त. पण बायकांच्या लांब, ढगळ शर्टाला ३६ पन्ह्यात साधारण पावणेतीन मीटर लागतं, म्हणजे २२० रुपये. ५८ पन्ह्यात पावणेदोन मीटरमध्ये भागतं, म्हणजे २१० रुपये. महाग वाटणारं कापड दहा रुपयांनी स्वस्त पडलं. तुमच्या अंगाला नेमकं किती लागेल हे शिंप्याला आधी विचारून, कागदावर लिहून मगच बाजारात जा.

साडी घेतानाही टेप लावा. सहावारी म्हणजे सुमारे साडेपाच मीटर, नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. स्वस्तातल्या साडीत कधी कधी लांबीतच कात्री मारलेली असते. काठाला काठ जुळला म्हणून समाधान मानू नका, मोजा.

शिलाई हा विषय आम्हाला कापडाइतकाच मोठा वाटतो. कामाचा कपडा मधोमध क्वचित फाटतो, तो आधी शिवणीत जातो. तयार कपडा घेताना उलटा करून बघा. अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेत, म्हणजे साधारण इंचभरात, दहा तरी टाके हवेत. सहा-सात दिसले तर तो घाईत मारलेला माल आहे. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हळू ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला किंवा शिवणीजवळचे धागे सरकले, तर तो कपडा खाली ठेवा. आत माया किती सोडली आहे ते बघा. अर्धा इंच माया असेल तर उसवला तरी पुन्हा शिवता येतो, अंग भरलं तर ढिला करता येतो. माया नसेल तर एकदा उसवला की संपला. दोरा ओढून बघा, तो पक्का हवा. इथे पॉलिस्टरचा दोरा चांगला, तो कुजत नाही.

शिवून घेणार असाल तर शिंप्याला, किंवा गटातल्या ज्या ताईकडे मशीन आहे तिला, चार गोष्टी सांगा. शर्ट मांडीपर्यंत लांब हवा, म्हणजे वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही. बगलेत हिऱ्याच्या आकाराचा एक छोटा तुकडा जोडायचा. हात वर केला की ताण त्या तुकड्यावर जातो, शिवणीवर येत नाही. काखेत उसवणं ही निम्मी कटकट त्या वीतभरही नसलेल्या तुकड्याने जाते. बाहीला मनगटाशी बटण हवं, इलॅस्टिक नको, ते दिवसभर काचतं. आणि खिसा. बायकांच्या कपड्याला खिसा न ठेवण्याची ही कसली रीत आहे देव जाणे. मोबाइल ब्लाउजमध्ये, पैसे पदराच्या गाठीत, तंबाखूची पुडी कमरेला. खिसा आतल्या बाजूला, कमरेच्या वर, बटणाचा घ्या. छातीवर उघडा खिसा ठेवला तर विहिरीवर वाकल्यावर मोबाइल विहिरीतच जाणार.

मळणी यंत्रावर काम असेल त्या दिवशी ढगळ बाही, ओढणी, मोकळा पदर काहीही नको. पदर कमरेला पक्का खोचून वर शर्टाची बटणं लावा, केस बांधून आत घ्या. इथे मात्र अंगाबरोबरचा कपडा हवा.

परकराबद्दल थोडं बोललं पाहिजे. बारीक नायलॉनची नाडी कमरेला कचकचून बांधून आपण दिवसभर काम करतो. रोज त्याच जागी ती काचते, कातडी काळी पडते, सोलते. वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी २०२४ साली अशा दोन बायकांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. वर्षानुवर्षं नाडी काचून कमरेला जखम झाली होती आणि त्या जखमेत कर्करोग निघाला. घाबरून जाऊ नका, असं फार क्वचित होतं. पण उपाय दहा-वीस रुपयांचा आहे. दोन बोटं रुंद सुती पट्टीची नाडी घाला, रात्री परकर ढिला करा, आणि कमरेची जखम महिनाभर भरत नसेल तर दवाखान्यात दाखवा. आतले कपडे सुतीच घ्या आणि ते उन्हात वाळवा. लाजेखातर साडीच्या आड, सावलीत, दमट वाळवलेले कपडे हेही नायट्याचं एक कारण आहे.

आता गटाचं काम. एकटी बाई दुकानात गेली की ती पावणेदोन मीटर कापडाची गिऱ्हाईक असते. दहा जणी मिळून गेल्या तर साडेसतरा मीटरच्या, म्हणजे जवळजवळ एका ताग्याच्या. वीस मीटरचा तागा घेतला तर भाव घाऊक लागतो. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथे कापड विणलं जातं, सोलापूरचे टॉवेल प्रसिद्धच आहेत. पण म्हणून तिथवरच जायला पाहिजे असं नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी घाऊक दुकान असतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तरी तिकीट आणि बुडालेला रोज हा कपड्याच्या किमतीतच धरायचा. म्हणून सगळ्यांनी जायचं नाही. दोघींना पाठवा, एक कापडातली माहीतगार आणि एक हिशोबाची पक्की.

दहा जणींचे शर्ट एकाच वेळी बेतले तर कापड वाचतं, कारण एकीच्या बाहीशेजारी उरलेल्या जागेत दुसरीची कॉलरपट्टी बसते. उरलेल्या दोन-अडीच मीटरमध्ये डोक्याच्या टोप्या, नाका-तोंडाला बांधायचे रुमाल होतात. गटातल्याच ताईने शिवलं तर शिलाई गावात राहते. तिला शिलाई द्या मात्र, आपलीच आहे म्हणून फुकट नको. फुकटच्या शिलाईत इंचाला दहा टाके कोण घालणार?

पक्कं बिल घ्या. गटाच्या वहीला ते लागतंच, आणि कापड खराब निघालं तर दुकानदाराशी बोलायला हातात कागद असतो. त्यानेही ऐकलं नाही तर ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे.

दारावर येणाऱ्या हप्त्याच्या साडीचाही हिशोब करून टाकू. समजा, बाजारात ४५० रुपयांना मिळणारी साडी तो आठवड्याला ५० रुपये, बारा हप्ते अशी देतो. झाले ६००. दीडशे रुपये जास्त गेले. तेच ४५० रुपये गटातून अंतर्गत कर्ज म्हणून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने घेतले आणि महिन्याला १५० मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज ९, दुसऱ्याचं ६, तिसऱ्याचं ३. एकूण १८ रुपये. आणि तेही १८ रुपये गटातच राहिले, म्हणजे आपलेच. कामाच्या कपड्याला गटाचं कर्ज कशाला, असं काही गटांत म्हणतात. शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो. ज्या कपड्यात मजुरी कमवायची तोही तसाच कामाचा, असं आम्हाला वाटतं.

राहिली फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, ते आपल्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी पाणी आणून देणारी, औषध कालवायला मदत करणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी आपणच असतो. इथे सुती कपडा एकटा उपयोगाचा नाही. तो औषधाने भिजला की विष अंगाशी धरून ठेवतो. सुती पूर्ण बाहीच्या कपड्यावर प्लॅस्टिकचा ॲप्रन, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नाका-तोंडाला मास्क हवा. औषध हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे असलेच पाहिजेत असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. दुसऱ्याच्या रानात फवारणीच्या कामावर असाल तर मालकाकडे मागा, आणि एकटीने मागण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून मागा.

फवारणीचे कपडे त्याच दिवशी धुवा, हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत. लेकराच्या कपड्यांबरोबर कधीच नाही. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग दोनदा साबण लावा, कडक उन्हात वाळवा. ते पाणी ओढ्यात, विहिरीजवळ, गुरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका. पाणी न मिसळलेलं औषध ज्या कपड्यावर सांडलं तो पुन्हा वापरायचा नाही, धुऊनसुद्धा नाही. आणि फवारणीच्या कुठल्याही कपड्याची गोधडी शिवायची नाही. शंका असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. तिथे बऱ्याच ठिकाणी गृहविज्ञानाच्या ताई असतात, बायकांच्या कामाच्या कपड्याबद्दल त्यांना चांगली माहिती असते.

कपडा घेतला तेवढ्यावर काम संपत नाही. दोन जोड तरी ठेवा, एक धुण्यात, एक अंगावर. घामाचा कपडा तसाच खुंटीला लटकवू नका, निदान पाण्यातून काढा. टाका उसवला की त्याच रात्री घाला, दुसऱ्या दिवशी तो वीतभर झालेला असतो. कोपर आणि गुडघा विरायला लागला की फाटायच्या आधीच आतून ठिगळ लावा. सुती साडी बसायच्या जागी विरते, काठ-पदर धड असतात. जुन्या बायका मधला विरलेला भाग कापून दोन धड भाग जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणायच्या. दंड घातलेली साडी शेतात आणखी वर्षभर चालते. हल्लीच्या सुनांना हा शब्दही माहीत नाही, त्यांना दाखवा.

आणि शेवटी बोहारीण. ती दारात आली की आपण कपाट उघडतो, आणि स्टीलच्या एका वाटीसाठी नवऱ्याचे दोन चांगले सुती शर्ट तिच्या गाठोड्यात टाकतो. मग पुढच्या बाजारात ढिगातला १५० रुपयांचा शर्ट आपणच घेऊन येतो. तिचाही धंदा आहे, तिला द्या, पण पॉलिस्टरच्या साड्या द्या. त्या तिला चालतात. सुती शर्ट, सुती धोतर, सुती परकर आधी बाजूला काढा. अंगात बसेल तो घाला, बसणार नाही त्याच्या बाह्या आणि ठिगळं होतील, अगदीच विरलेला गोधडीच्या आतल्या थरात जाईल. फेकायच्या आधी बटणं कापून एका बरणीत ठेवा.